खाली बाकावरचे बहात्तर हिममानव

“शंभर धरा सायेब. तीनजनी पोटुशी असतील.”

हे वाक्य कानावर पडलं तेव्हा मी लिफ्टची वाट बघत उभी होते. हातात कुरियरवाल्याने दिलेलं पार्सल होतं आणि कानात इअरफोन. त्यात गाणं चालू नव्हतं. कोणी बोलायला येऊ नये म्हणून मी ते घालते. पार्किंगमधल्या सिमेंटच्या बाकावर दोन म्हातारे बसले होते. एकाच्या मांडीवर लांबट वही होती, दुसऱ्याच्या गुडघ्यांवर शाळेत भिंतीला टांगतात तसला भारताचा नकाशा पसरलेला होता. नकाशावाले शांतपणे म्हणाले, की जन्माला आल्याशिवाय नोंद होत नसते, तेव्हा सत्त्याण्णव म्हणजे सत्त्याण्णव. लिफ्ट आली आणि निघून गेली, मी तिथेच होते. त्या तीनजणी कोण हे मला विचारायचं होतं, पण मी कुणाला काही विचारत नाही. त्या हिममानवाच्या घरातल्या होत्या हे कळायला मला आणखी दोन दिवस लागले.

वहीवाले ते आमचे तळमजल्यावरचे काका. त्यांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो फक्त मासळीच्या टोपल्यांतला, पण अख्ख्या हिमालयाची जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे असं समजून जगणारा असा दुसरा माणूस नेरूळमध्येच काय, खाडीच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही. त्यांचा जन्म मोरा बंदराच्या धक्क्याजवळचा. वडिलांची होडी होती. काका मात्र समुद्रावर न जाता बंदरात टॅली क्लार्क झाले. जहाजातून उतरणारा प्रत्येक कंटेनर मोजायचा, त्याच्या सीलचा नंबर बघायचा आणि कागदावर एक उभी रेघ ओढायची. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी तिरकी. अशी पाचाची एक गड्डी. या कामातून काकांना एक तत्त्वज्ञान मिळालं होतं आणि ते त्यांनी हिमालयाला जसंच्या तसं लागू केलं होतं. “आत काय हाय ते आमी कंदी बघितलं नाय,” ते म्हणत. “सील तोडायचा हक्कच नाय आपल्याला. तरी मोजलं ना? बाहेरून मोजायचं.” हिममानव कोणी धड पाहिलेला नाही, हा इतरांना वाटतो तो आक्षेप त्यांच्या दृष्टीने आक्षेपच नव्हता. न पाहता मोजणं हा त्यांचा पेशा होता.

याची सुरुवात झाली ती एका फोटोपासून. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही आणि काका घरातल्या चमच्यांवर आले. नेमका तेव्हा पेपरात बर्फातल्या पावलांचा एक फोटो छापून आला. पांढरा शुभ्र उतार, आणि त्यावरून वर वर जात दिसेनाशी झालेली मोठाल्या पावलांची एकच ओळ. खाली लिहिलं होतं, की माणूस आणि माकड यांच्या मधला, दोन पायांवर चालणारा कोणी प्राणी इथून गेला असावा. बाकीच्या जगाने तो फोटो बघून ‘असा प्राणी आहे का’ असं विचारलं. काकांनी विचारलं, “एकटाच हाय का?” फोटो त्यांनी कापला, लॅमिनेट केला आणि शर्टाच्या खिशात ठेवायला लागले. एवढ्या थंडीत, एवढ्या पांढऱ्या पसाऱ्यात एक जीव एकटा चालला आहे ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती. त्याच्या संगतीला कोणीतरी असलं पाहिजे. किती, कुठवर, एवढाच काय तो प्रश्न होता. तेव्हापासून काका त्याच्यासाठी नातेवाईक शोधत होते.

काकी या सगळ्याकडे खिडकीतून बघत. खिडकी बाकाच्या बरोबर मागे होती, त्यामुळे त्यांना चर्चेत भाग घ्यायला ओट्यापासून हलावं लागत नसे. एकदा काकांनी जेवायला सात माणसं येतील म्हणून सांगितलं आणि अकरा आली. त्यानंतर कुठलाही आकडा बाहेर आला की आतून आवाज येई, “घरचे पाव्हने मोजता येत नाय, आनि चाललेत हिमालयात.”

संध्याकाळी साडेपाचला समोरच्या बिल्डिंगमधून नकाशावाले साहेब येत. ते मूळचे लातूरकडचे. सरकारी मोजणी खात्यात त्यांनी जन्मभर लोकांच्या शेतांच्या हद्दी कायम केल्या होत्या. आल्यावर ते “जय भीम, दादा” म्हणत, काका “जय भीम, सायेब” म्हणत आणि त्यानंतर उठेपर्यंत दोघांचं कशावरही एकमत होत नसे. मजा म्हणजे साहेबांचा हिममानवावर काडीइतका विश्वास नव्हता. भुतंखेतं, नवससायास आणि हिममानव हे त्यांनी एकाच फाइलमध्ये बंद केले होते. मी एकदा त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं असेल, कारण त्यांनी न विचारता खुलासा केला. “प्राणी नाहीच, बाळा. पण नसलेल्या प्राण्याचीसुद्धा हद्द चुकीची काढू नये.”

तर लोकसंख्या काकांची आणि हद्द साहेबांची अशी वाटणी होती. काकांच्या मते हिममानवाचा मुलूख लडाखपासून अरुणाचलपर्यंत सलग होता. साहेबांच्या मते त्याचे दोन तुकडे पडत होते, मधे रस्ते आणि वस्ती होती आणि वस्तीतून जाण्याइतका तो प्राणी बेअक्कल नव्हता. नेपाळ आणि तिबेटचं काय, तर भारताच्या नकाशात त्या जागी कागद कोराच होता आणि नकाशाबाहेर पेन्सिल न्यायला साहेब तयार नव्हते. मोजणीच्या आधी लगतच्या खातेदारांना नोटीस द्यावी लागते, हा नियम त्यांनी इथेही सोडला नाही. नकाशाच्या कडेला त्यांच्या सुबक अक्षरात लगतच्या खातेदारांची यादी होती: अस्वल, हिमबिबट्या, याकवाले गुराखी. अस्वलाच्या नावापुढे ‘हरकत घेण्याची शक्यता’ असा शेरा होता.

मला यात ओढलं काकींनी. घरून काम असलं की मी संध्याकाळी खाली पार्सल न्यायला येते हे त्यांनी हेरलं होतं. ती इंग्लिश शाळेत शिकलेली आहे, तिला वाचता येईल, असं त्यांनी खिडकीतून परस्पर जाहीर केलं आणि काकांनी फोनवर कुणीतरी पाठवलेला एक लांबलचक इंग्रजी लेख माझ्यापुढे धरला. मी तो मनातल्या मनात मराठी करून अडखळत सांगितला. कुणीही हसलं नाही. माझं मराठी ऐकून लोक हसतात, निदान गालातल्या गालात, हे मी लहानपणापासून गृहीत धरलेलं होतं. हे दोघे मात्र परीक्षेचा निकाल ऐकावा तसे ऐकत होते. दुसऱ्या आठवड्यापर्यंत वहीत लिहायचं कामही माझ्याकडे आलं. कारण काकांचा मोतीबिंदू काढला होता आणि साहेबांवर, लोकसंख्येच्या बाबतीत, काकांचा भरवसा नव्हता. मी लिहीत होते, वाचून दाखवत होते. स्वतःचं मत मात्र कधी सांगितलं नाही. काका रोज उठताना विचारत, “तुला काय वाटतं गो?” मी रोज खांदे उडवत असे आणि ते रोज “बरं” म्हणत.

बर्फाच्या लादीची गोष्ट सांगायलाच हवी. पावलांचे ठसे एवढे मोठे, म्हणजे प्राणी किती प्रचंड, त्याला खायला किती लागत असेल, आणि त्या उजाड डोंगरात तेवढं मिळणार कुठून, असा साहेबांनी एके दिवशी बिनतोड पेच टाकला. काका रात्रभर झोपले नाहीत असं काकी म्हणाल्या. सकाळी ते मासळी बाजारातून रिक्षाने बर्फाची अख्खी लादी घेऊन आले. वॉचमनची हरकत त्यांनी ऐकली आणि तिच्यावर काही केलं नाही. पार्किंगच्या फरशीवर लादी फोडून तिचा चुरा थापला, चप्पल काढली आणि त्यात उजवा पाय रोवला. मग आम्ही तिघं खुर्च्या टाकून तो ठसा बघत बसलो. दहा मिनिटांत बोटं एकमेकांत मिसळली. वीस मिनिटांत टाच पसरली. अर्ध्या तासाने सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका राक्षसाचं पाऊल उमटलेलं होतं. साहेब समाधानाने म्हणाले, “झालं मग. हिममानव म्हणजे आमचे दादाच.” दुसरा कोणी असता तर तिथे हरला असता. काका ठशाकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. ठसा वितळून मोठा होतो, म्हणजे पाय लहान. पाय लहान, म्हणजे प्राणी लहान. लहान प्राणी खातो कमी. म्हणजे तेवढ्याच डोंगरात जास्त मावतात. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लोकसंख्या चांगली वाढली होती, आणि ती ज्या पुराव्याने संपायची त्याच पुराव्याने वाढली होती. मी असं डोकं आजवर कुठे बघितलेलं नाही. महाप्याच्या माझ्या ऑफिसात हुशार माणसं पुष्कळ आहेत, पण त्यांच्यातलं कोणी बर्फात पाय घालून उभं राहिलेलं नाही.

मोजायचं कसं हे शिकवायला ते मला एकदा खाडीवर घेऊन गेले. ओहोटी होती आणि चिखलावर रोहित पक्ष्यांचा गुलाबी पट्टा पसरला होता. अंगठा डोळ्यासमोर धरायचा, अंगठ्यामागे किती पक्षी झाकले जातात ते बघायचं आणि मग पट्ट्यावरून अंगठा सरकवत जायचा. मी मोजत होते, काका पुटपुटत होते. अर्ध्यावर आलो असू, तेवढ्यात काय झालं कोण जाणे, सगळा पट्टा एकदम उठला. पंखांच्या आतला लाल आणि काळा रंग उघडला, आवाज झाला, आभाळ हललं. आमची मोजणी गेली. मी काकांकडे बघितलं तर ते अंगठा तसाच वर धरून तोंड उघडं टाकून उभे होते. म्हणाले, “चुकलं.” एखाद्याला बक्षीस मिळाल्यावर तो म्हणेल तसं म्हणाले. त्या दिवशी मला कळलं, की या माणसाला आकडा हवा असतो तो जग आटोपशीर करायला नाही. केवढं आहे हे बघून थक्क व्हायला त्याला कुठून तरी सुरुवात करायची असते.

त्यानंतर मोठी फेरमोजणी झाली. साहेबांनी एक गंभीर आरोप केला होता: एकच प्राणी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातो आणि दादा त्याला दोनदा धरतात. टॅली क्लार्कला यापेक्षा मोठी शिवी नाही. काकांनी सगळे जुने आकडे बाजूला ठेवले आणि नवीन पानावर खोऱ्याखोऱ्याने एकेक जीव पुकारायला सुरुवात केली. “एक म्हातारा, डाव्या पायाने अधू.” मी रेघ ओढली. “त्याची बायको, तापट.” मी रेघ ओढली. तीन संध्याकाळी हे चाललं. शेवटी काकांनी गड्ड्या मोजल्या. बारा. बारा पंचे साठ. वही मिटली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही मागून घेतली. ते मोजणीचे माणूस, गड्ड्यांवर त्यांचा विश्वास कसा बसणार. पेन्सिलीच्या टोकाने एकेक रेघ मोजत गेले आणि म्हणाले, “बहात्तर.”

मला क्षणात समजलं. मी चारांनंतर आडवी रेघ मारत नव्हते. पाच उभ्या ओढून त्यांना वरून सहाव्या, मोजणीत नसलेल्या रेघेने बांधत होते, जुडीला दोरा बांधावा तशी. ते असंच असतं असं मला वाटलं होतं, कुणाला विचारलं नव्हतं. माझे कान तापले. ‘माझं चुकलं’ म्हणायच्या ऐवजी मी पेनाचं टोपण लावलं. काकांनी वही घेतली, चष्मा लावला, एका गड्डीकडे निरखून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. बंदरात त्यांनी एकाही कागदावर कधी खाडाखोड केली नव्हती. ओढलेली रेघ म्हणजे आलेला माल.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “बहात्तरच.”

“काल तर साठ म्हणायलात, दादा.”

“साठ उभे. बारा आडवे. झोपले म्हनून काय हिशेबातनं गेले?”

खिडकीतून काकींचं हसणं ऐकू आलं. साहेबांनी त्या दिवशी पुष्कळ वाद घातला. पण दुसऱ्या संध्याकाळी आले ते हिरवी पेन्सिल घेऊन. नकाशावर पूर्वेच्या टोकाला त्यांनी एक नवीन खोरं जोडलं. बारा जणांना झोपायचं तर सपाट जागा लागणार, एवढंच म्हणाले. नसलेल्या प्राण्याची हद्द चुकीची काढू नये म्हणणाऱ्या माणसाने त्या दिवशी हद्द वाढवून दिली. का दिली ते मला तेव्हा कळलं नाही.

ते कळलं साहेब कायमचे लातूरला मुलीकडे निघाले त्या दिवशी. सामान टेम्पोत चढत होतं. नकाशाची गुंडाळी माझ्या हातात देत साहेब हळूच म्हणाले, की त्या बहात्तरच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच दादा त्यांच्या दारात उभे होते. “म्हणाले, पोर पाच ओढून मग आडवी मारते. तिला बोलू नका सायेब, नाहीतर ती परत खाली येणार नाही.” मी बाकावरची वही घरी नेली आणि तिची मागची पानं उघडली. फेरमोजणीनंतरच्या, मी ऑफिसला असताना काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या गड्ड्या होत्या. जन्मभर चार ओढून पाचवी आडवी मारलेल्या माणसाने प्रत्येक गड्डीत पाच उभ्या ओढल्या होत्या आणि सहावी आडवी.

साहेब गेल्यावर काकांनी फोनवर चर्चा चालू ठेवायचा प्रयत्न केला. फोन स्पीकरवर असे, तिकडे नातवंडांचा गलका असे आणि साहेबांना ऐकू कमी येई. काकांनी एकदा मुद्दाम खोड काढायला शंभरचा आकडा टाकला, तर तिकडून आवाज आला, “हो हो दादा, धरा की शंभर.” काकांनी फोन ठेवला. मग मला म्हणाले, “सायेब सगलं मान्य करतात गो आता.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण मला ते ऐकवेना. पुढे फोन कमी झाले. साडेपाचला काका बाकावर येऊन बसत, पण माझ्याकडे वही मागत नसत. नुसते पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघत राहत आणि त्या मोजतसुद्धा नसत.

गेल्या बुधवारी मी घरून काम करत होते. साडेपाचला लॅपटॉप मिटला, वही आणि नकाशा घेतला, खाली गेले. इअरफोन वरच ठेवले. बाकावर साहेबांच्या जागी मी कधी बसत नसे, मला प्लास्टिकची खुर्ची असायची. त्या दिवशी बाकावर बसले. काकांनी वही घेतली, कोरं पान काढलं आणि पानाच्या मधोमध एक उभी रेघ ओढली. मग पेन बंद केलं.

“एकच असंल,” ते म्हणाले. “पयल्यापासनं एकच. सायबांनी जागा काढून दिली, म्हनून मी भरत गेलो.” खिशातून तो लॅमिनेट केलेला फोटो काढून त्यांनी रेघेशेजारी ठेवला. कडा पिवळ्या पडल्या होत्या. “बघ ना. एकाच्याच पावलांचे ठसे हायेत.”

मी फोटो हातात घेतला. इतक्या महिन्यांत मी तो नीट बघितलाच नव्हता, नेहमी काकांकडेच बघत होते. पांढरा उतार. पावलांची एक ओळ, वर जाणारी. बाकी बर्फ कोरा होता, अगदी खालच्या कडेपर्यंत कोरा. खालच्या कडेशी माझं बोट थांबलं. काका उठायच्या बेतात होते आणि सवयीने, उत्तराची वाट न बघता, त्यांनी विचारलं, “तुला काय वाटतं गो?”

मी पेन त्यांच्या हातातून घेतलं आणि उघडलं.

“काका, हा फोटो ज्याने काढला त्याची पावलं यात कुठे आहेत? पण तो होताच ना तिथे, मागे उभा. फोटोत नाही म्हणजे नाही, असं नसतं. दोन तरी धरा. बाकीचे उद्या मोजू.”